प्रा. धनंजयराव गाडगीळ आणि सभासदांच्या मालकीची वीज

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. यंदा ज्यांचे चरित्र देत आहोत ते आपल्या ज्ञातीचे नव्हते, वसईचेही नव्हते. कित्येक वाचकांस त्यांचे नाव अर्थशास्त्राच्या पुस्तकात पाहिल्याचे स्मरत असेल, एवढाच त्यांचा परिचय. तथापि ज्या समाजाचा निर्वाह पिढ्यान् पिढ्या वाडीवर व विहिरीच्या पाण्यावर झाला, त्या समाजाने या गृहस्थाचे चरित्र वाचणे अगत्याचे आहे असे आम्हांस वाटते. कारण विहिरीवरचा पंप, त्यास लागणारी वीज, त्या विजेचा दर आणि त्या विजेची मालकी या चार गोष्टींचा विचार त्यांच्या कार्याशी फार जवळून निगडित आहे.

धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी झाला. त्यांचे बालपण नागपुरात गेले. बुद्धी तल्लख होती. उच्च शिक्षणासाठी ते विलायतेस गेले व केंब्रिज विद्यापीठात अर्थशास्त्राचा अभ्यास केला. तेथे लिहिलेला प्रबंध १९२४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानातील उद्योगधंद्यांची स्थित्यंतरे हा त्याचा विषय. वयाच्या तेविसाव्या वर्षी लिहिलेला हा ग्रंथ पुढे अनेक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासिला. असा मनुष्य सरकारी सेवेत शिरून मोठ्या हुद्द्यावर सहज चढला असता. मुंबई सरकारच्या अर्थखात्यात त्यांनी काही काळ काम केलेही. पण मन तेथे रमले नाही. पुढे सुरतेच्या महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी सांभाळले आणि १९३० साली पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली तेव्हा तिचे संचालक म्हणून ते आले. सातारचे रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून ही संस्था उभी राहिली. गाडगीळ तेथे सुमारे छत्तीस वर्षे राहिले.

या संस्थेत त्यांनी जी पद्धत घालून दिली ती आमच्यासारख्या शिक्षकास विशेष भावते. आधी गावात जाऊन पाहावयाचे, मोजावयाचे, विचारावयाचे आणि मग मत बनवावयाचे, असा त्यांचा शिरस्ता होता. वाई तालुक्यातील शेतीची पाहणी, पुणे शहरातील कुटुंबांच्या उत्पन्नाची व राहणीची पाहणी, अशी कामे त्यांनी शिष्यांकडून करवून घेतली. शेतकऱ्यास कर्ज किती, ते कोणाचे, व्याज काय, माल कोणास विकतो, हे आकड्यांनिशी त्यांच्यापुढे होते. त्या आकड्यांनी त्यांस एक गोष्ट दाखविली. लहान शेतकरी आळशी म्हणून दरिद्री राहतो असे नव्हे. पैसे देणारा, माल घेणारा व मालावर प्रक्रिया करणारा हे तिघेही त्याच्याबाहेरचे असतात म्हणून तो दरिद्री राहतो. नुसती पतपेढी काढून भागत नाही. कर्ज, विक्री आणि कारखाना ही तिन्ही शेतकऱ्यांच्या संयुक्त मालकीची झाली पाहिजेत, हा त्यांच्या सर्व लेखनाचा कणा होय. १९४४-४५ साली सरकारने शेतीकर्जाच्या प्रश्नावर नेमिलेल्या उपसमितीचे तेच अध्यक्ष होते.

विद्वान मनुष्याचे विचार बहुधा ग्रंथात राहतात. गाडगीळांचे तसे झाले नाही, याचे श्रेय काही अंशी नगर जिल्ह्यातील लोणी गावच्या एका अल्पशिक्षित शेतकऱ्यास आहे. ते म्हणजे विठ्ठलराव विखे पाटील. त्यांचा जन्म नारळी पौर्णिमेचा. आपल्या किनाऱ्यावर ज्या दिवशी दर्यास नारळ अर्पण करितात, त्याच तिथीस महाराष्ट्र शासन आता विखे पाटलांच्या स्मरणार्थ शेतकरी दिन पाळते. १९२३ साली त्यांनी लोणीस सहकारी पतपेढी काढली होती. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले व प्रवरेच्या कालव्यावर ऊस डोलू लागला. परंतु साखर करणारे कारखाने खाजगी कंपन्यांचे. शेतकऱ्याने जमीन खंडाने कंपनीस द्यावी अथवा कंपनी देईल त्या भावाने ऊस द्यावा, असा प्रकार होता. १९४५ साली बेलापूर रोड, म्हणजे आजचे श्रीरामपूर, येथे दख्खन कालव्यांवरील बागाईतदारांची परिषद भरली. तिचे अध्यक्ष गाडगीळ होते. शेतकऱ्यांनी स्वतःचाच कारखाना काढावा हा विचार तेथे बळावला.

विचार बळावणे सोपे, भागभांडवल जमविणे कठीण. विखे पाटील गावोगाव व दारोदार हिंडले. पैसे बुडतील ही भीती घराघरात होती आणि ती वावगीही नव्हती, कारण असे काही महाराष्ट्रात पूर्वी झालेले नव्हते. मुंबई राज्याचे अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता यांनी सरकारचा हातभार लाविला. औद्योगिक वित्त महामंडळाचे कर्ज मिळाले. १९४८ साली संस्था नोंदली गेली आणि १९५० च्या अखेरीस प्रवरेच्या कारखान्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. महाराष्ट्रातील हा पहिला सहकारी साखर कारखाना. त्याचे अध्यक्षपद पहिली सुमारे दहा वर्षे गाडगीळांकडे होते व उपाध्यक्ष विखे पाटील होते. केंब्रिजचा पदवीधर आणि गावच्या शाळेत जेमतेम शिकलेला पाटील एका टेबलाशी बसून उसाचा भाव ठरवीत, हे चित्र डोळ्यांपुढे आणावे. दोघांपैकी एकटा कोणीही हे कार्य तडीस नेऊ शकला नसता, असे आमचे मत आहे. १९६१ साली पंतप्रधान नेहरूंनी प्रवरानगरास भेट दिली व त्याच वर्षी विखे पाटलांस पद्मश्री मिळाली.

येथे कारखान्याच्या एका व्यवस्थेकडे वाचकांचे लक्ष वेधितो, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे. सभासद ऊस घालतो, कारखाना त्याचे बिल देतो. पण बिलातून कर्जाचा हप्ता, सोसायटीचे देणे व ठेवीची रक्कम आधीच कापून घेतली जाते. म्हणजे वसुलीसाठी कोणाच्या दारी जावे लागत नाही. सभासदाची बचत त्याच्या हातून न जाता काट्यावरच होते. कोणास हे जाचक वाटेल. परंतु सहकारी कारखाने वाढले ते या कपातीच्या जोरावर वाढले.

आणखी एक गोष्ट. रस काढून उरलेली उसाची चिपाडे बॉयलरमध्ये जाळून वाफ करावयाची व त्या वाफेवर कारखान्यापुरती वीज तयार करावयाची, ही साखर कारखान्यांची जुनीच रीत आहे. म्हणजे आसपासच्या वाड्यावस्त्यांवर कंदील मिणमिणत असता सभासदांच्या मालकीच्या कारखान्याच्या आवारात सभासदांच्याच उसाची वीज जळत होती.

आता विजेकडे वळू. आपल्या भागात विजेची गाडी १९३६ साली विरारपर्यंत आली. रुळांवरच्या तारेत वीज आणि रुळांपलीकडच्या वाड्यांत रॉकेलचा दिवा, अशी स्थिती त्यानंतर बराच काळ होती. आमच्या लहानपणीही कित्येक वाड्यांत रहाट चालत असे. पहाटे जनावर जुंपावे, ते गोल फिरावे, लोटे भरून वर यावेत, पाणी पाटाने केळीच्या व पानवेलीच्या मुळाशी जावे. बावखल भरलेले असे आणि उन्हाळ्यातही विहिरीचे पाणी गोड लागे. पुढे तेलाचे इंजिन आले, मग विजेचा पंप. पंपाने श्रम वाचले यात शंका नाही. मात्र रहाट ओढणारे जनावर थकत असे, पंप थकत नाही. त्यामुळे उपशास मर्यादा राहिली नाही व किनाऱ्याकडच्या अनेक विहिरींस खारे पाणी लागले. हे प्रस्तुत विषयास सोडून झाले, पण लिहिल्याविना राहवले नाही.

वीज कोणाची असावी हा प्रश्न जगभर पडलेला आहे. खाजगी कंपनी जेथे नफा तेथे तार नेते. शहरात घरास घर लागून असते, एका खांबावर वीस ग्राहक होतात. गावात एका ग्राहकासाठी दहा खांब लागतात. अमेरिकेसारख्या संपन्न देशात १९३५ च्या सुमारास दहांपैकी जेमतेम एका शेतकऱ्याच्या घरी वीज होती. त्या वर्षी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ग्रामीण विद्युतीकरणाचे खाते काढिले. कंपन्या पुढे येईनात तेव्हा शेतकऱ्यांनीच सहकारी संस्था स्थापिल्या, सरकारकडून अल्प व्याजाचे कर्ज घेतले, खांब रोविले व घाऊक दराने वीज विकत घेऊन आपसांत वाटली. दोन दशकांत तेथील बहुतेक शेतकऱ्यांच्या घरी दिवे लागले. मुंबई शहराने निराळा मार्ग धरिला. तेथील वीज व ट्राम चालविणारी खाजगी कंपनी १९४७ साली महापालिकेने विकत घेतली, तीच बेस्ट. उरलेल्या राज्यात वीज मंडळ आले. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ १९६० सालचे.

गाडगीळ १९६६ साली राज्यसभेवर नियुक्त झाले, काही काळ पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि १९६७ साली नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष म्हणून दिल्लीस गेले. राज्यांस केंद्राकडून मिळणारी मदत कोणत्या सूत्राने वाटावी हे त्यांनी ठरविले. ते सूत्र आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. प्रत्येक जिल्ह्याची जबाबदारी एका बँकेने घ्यावी ही अग्रणी बँकेची योजनाही त्यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाच्या १९६९ सालच्या शिफारशींतून निघाली. योजना जिल्ह्यापासून वर जावी, दिल्लीहून खाली उतरू नये, असा त्यांचा आग्रह. दिल्लीत बसून असा आग्रह धरणे हे त्या काळी, आणि आताही, सोपे नव्हे.

ते उपाध्यक्ष असतानाच, १९६९ च्या जुलै महिन्यात, ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाले. त्याच्या साहाय्याने व अमेरिकन सहकारी संस्थांच्या तज्ज्ञांच्या सल्ल्याने देशात पाच ठिकाणी सहकारी वीज संस्थांचा प्रयोग करण्याचे ठरले. आंध्रात सिरसिल्ला, म्हैसूर राज्यात हुक्केरी, गुजरातेत कोडिनार, उत्तर प्रदेशात लखनौनजीक आणि महाराष्ट्रात नगर जिल्हा. नगरची संस्था म्हणजे मुळा-प्रवरा. ज्या भूमीत गाडगीळ-विखे जोडीने साखर कारखाना उभारिला, तीच भूमी या प्रयोगास निवडली गेली, यात नवल नाही. सभासद म्हणजे काय हे तेथील शेतकऱ्यास शिकवावे लागत नव्हते. विठ्ठलरावांचे चिरंजीव बाळासाहेब विखे पाटील यांचे नाव या संस्थेशी पुढे दीर्घकाळ जोडलेले राहिले.

मुळा-प्रवरेने १९७१ साली वितरण हाती घेतले. श्रीरामपूर, राहुरी व आसपासच्या तालुक्यांतील पावणेदोनशेहून अधिक गावे तिच्या क्षेत्रात होती व ग्राहकांची संख्या वाढत वाढत दीड लाखाच्या पलीकडे गेली. मंडळाकडून घाऊक वीज घ्यावयाची, आपल्या तारांवरून वाटावयाची, बिल आपण करावयाचे, दुरुस्ती आपण करावयाची. अशा संस्थेचा लाभ काय, असे कोणी विचारील. पहिला लाभ हा की खांब कोणत्या वस्तीवर आधी जावा याचा निर्णय तालुक्यातच होतो. रोहित्र जळाले तर तक्रार परक्या शहरातील कचेरीत न जाता आपण मत देऊन निवडलेल्या संचालकाच्या ओट्यावर जाते. तारा ओढणारा, बिल लिहिणारा, मीटर वाचणारा हे गावचेच तरुण असतात. शिल्लक राहिली तर ती बाहेरच्या भागधारकांस न जाता त्याच खांबांवर व तारांवर खर्च होते. वार्षिक सभेत ताळेबंद वाचला जातो व साधा शेतकरी उठून त्यावर प्रश्न विचारू शकतो. हा शेवटचा लाभ आम्ही सर्वांत मोठा समजतो.

आणि तरीही ही संस्था टिकली नाही. ते का, हे सांगितल्यावाचून गाडगीळांचे चरित्र पुरे होणार नाही, जरी ते सारे त्यांच्या पश्चात घडले.

संस्था वीज घेई ती मोजून. विकताना मात्र शेतीपंपास मीटर न लावता अश्वशक्तीवर ठोक आकार घेण्याची रीत राज्यभर पडली. पंप दोन तास चालो की दहा तास, बिल तेवढेच. पंप वाढले, उपसा वाढला, संस्थेची खरेदी वाढली. वसुली वाढली नाही. शेतीचा दर सरकार ठरवी, तो खर्चाहून कमी. घाऊक दर किती असावा यावर मंडळाशी वाद चालत. तारांतून गळणारी व चोरीस जाणारी वीज वेगळीच. निवडणुकीवर डोळा ठेवणाऱ्या संचालकास थकबाकीदार सभासदाची तार तोडणे जड जाई. साखर कारखान्यात देणे काट्यावर कापले जाई. वीज संस्थेत ते दारोदार जाऊन मागावे लागे. एकाच सभासदाने एका संस्थेस वाढविले व दुसरीस थकविले, याचे कारण माणसांत नसून व्यवस्थेत होते असे आम्हांस वाटते. थकबाकीचा आकडा दोन हजार कोटी रुपयांच्या वर गेल्याचे वीज कंपनीचे म्हणणे होते. संस्थेचा परवाना जानेवारी २०११ अखेर संपला आणि १ फेब्रुवारी २०११ पासून तेथील वितरण महावितरण कंपनीकडे गेले. चाळीस वर्षे सभासदांच्या मालकीची असलेली वीज पुन्हा पुरवठादाराची झाली.

कित्येक लोक यावरून सहकारी वीज ही कल्पनाच पोकळ, असा निष्कर्ष काढितात. तो घाईचा आहे. त्याच वेळी व त्याच योजनेत निघालेली हुक्केरीची संस्था बेळगाव जिल्ह्यात, आपल्या मराठी सीमाभागास लागूनच, आजही वीज पुरविते. सिरसिल्ल्याची संस्था आता तेलंगणात आहे. तीही चालू आहे. तेथे संचालकांच्या निवडणुका होतात, त्या चुरशीच्या होतात, पक्ष व पुढारी त्यांत उतरतात. हे सर्व त्रासाचे आहे खरे. परंतु ज्या वीज कचेरीच्या कारभाऱ्यासाठी मतदार रांगेत उभे राहतात, अशी दुसरी कचेरी आम्हांस तरी ठाऊक नाही.

गाडगीळांनी यातले काही पाहिले नाही. १९७१ च्या निवडणुकीनंतर नियोजन मंडळाची फेररचना झाली व त्यांनी दिल्ली सोडिली. पुण्यास परतत असता ३ मे १९७१ रोजी आगगाडीतच त्यांचे निधन झाले. मुळा-प्रवरेच्या तारांत वीज खेळू लागण्याचे तेच वर्ष. विठ्ठलराव त्यांच्यामागून १९८० साली गेले. गाडगीळांचे चिरंजीव माधवराव पर्यावरणाचे शास्त्रज्ञ म्हणून नावारूपास आले. पश्चिम घाटाविषयी २०११ साली अहवाल देणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष. कोणते काम गावात व्हावे व कोणते नको हे ग्रामसभेने ठरवावे, ही त्या अहवालातील भूमिका पाहता वडिलांचा वारसा कोठे उतरला ते ध्यानी येते.

आता आपल्या घरचे पाहू. सहकाराचे वसईस वावडे नाही. मोन्सिनियर पी. जे. मोनिस यांनी १९१८ साली येथे जी कॅथॉलिक पतसंस्था सुरू केली, तिची आज मोठी बँक झालेली आपण पाहतो. आपल्या ज्ञातीतील पुष्कळ कुटुंबे आता वाडी सोडून विरार, नालासोपारा, वसई रोड येथील इमारतींत राहतात, आणि त्यांतील पुष्कळ इमारती कायद्याने सहकारी संस्थाच आहेत. जिने, उद्वाहन व पाण्याचा पंप यांचे बिल आपण सर्वजण मिळून भरतो. २०२४ साली केंद्राने सुरू केलेल्या सूर्यघर योजनेत अशा गृहसंस्थांस सामाईक वापराच्या सौरसंचासाठी अनुदानाची तरतूद आहे. प्रत्येक घरामागे तीन किलोवॅट धरून एकूण पाचशे किलोवॅटपर्यंत, दर किलोवॅटास अठरा हजार रुपये. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यातील मान्याचीवाडी हे राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाले. गच्ची सभासदांची, संच सभासदांचा, वीज सभासदांची. गाडगीळांनी हा हिशेब मांडला असता तर प्रथम एकच प्रश्न विचारिला असता असे आमचे अनुमान आहे : देखभालीचा पैसा कोणाकडून, कोणत्या तारखेस व कशातून कापून घेणार?

ज्या सभासदांच्या गृहसंस्थांनी गच्चीवर असा संच बसविला आहे त्यांनी बसविण्याचा एकूण खर्च, मिळालेले अनुदान, आधीचे व नंतरचे वीजबिल आणि दरमहा वर्गणी थकविणाऱ्या सदनिकांची संख्या (नावे नकोत) एवढी माहिती पुढील वार्षिक सभेपूर्वी संपादक मंडळाकडे लेखी द्यावी. जमतील तितके हिशेब पुढील स्मरणिकेत कोष्टकरूपाने छापण्याचा आमचा मानस आहे.